वाढत्या अंगाचा ब्लेझर

“बाबा, मी तुम्हाला कितीला पडते?”

हा प्रश्न माझा नाही. म्हणजे विचारला मीच, ऐन जेवताना, भरल्या ताटावर. पण त्याचे मूळ हक्क आमच्या वर्गाच्या मॉनिटरकडे आहेत. मधल्या सुट्टीत शाळेच्या नव्या सूचनेवरून विषय निघाला. मॉनिटर म्हणाली, तिचे बाबा तिच्या प्रत्येक वस्तूची किंमत तिला पाढ्यांसारखी म्हणून दाखवतात. माझी मैत्रीण चष्मिस म्हणाली, तिची आई किंमत सांगत नाही, नुसता सुस्कारा टाकते, आणि सुस्काऱ्याच्या लांबीवरून चष्मिसला अंदाज येतो. मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. आमच्या घरी किंमत हा विषयच निघत नाही. वस्तू येतात. कुठून येतात ते मी कधी विचारलं नव्हतं; तहान लागल्यावर नळाचा उगम कोण शोधत बसतं?

“मग आज विचार,” मॉनिटर म्हणाली. “विचारून दाखवलंस, तर खिडकीजवळची जागा आठवडाभर तुझी. आहे हिंमत?”

आता माझ्या हिमतीबद्दल थोडं सांगणं भाग आहे, कारण ती नवीन आहे. मागच्या वर्षापर्यंत मी हजेरीला ‘हजर’ म्हटलेलं बाईंपर्यंत पोचायचं नाही. प्रगतिपुस्तक वाचणाऱ्याला वाटावं, मुलगी बिचारी सदा अंथरुणाला खिळलेली. मग एका कार्यक्रमात निवेदन करणाऱ्या मुलीचा घसा बसला, बाईंनी समोर दिसली तिला माइकपुढे ढकललं, आणि ती मी निघाले. माइकमधून माझा आवाज सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आला, तेव्हा मी मनात म्हटलं, ही कोण बाई? बरी बोलते की. तेव्हापासून मी गप्प बसलेली नाही. आई म्हणते, मागची सगळी थकबाकी एकदम चुकती करायचं ठरवलंय हिने. आणि यंदाच्या वार्षिक कार्यक्रमाचं सगळं निवेदन माझ्याकडे आहे. रंगमंचावर, उजेडात, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

तर प्रश्न विचारला. आईचा हात वाढता वाढता थांबला. माझी धाकटी बहीण, जिला मी शेपूट म्हणते कारण मी जाईन तिथे ती मागे असते, तिने खाणं थांबवून बाबांकडे पाहिलं. मी कितीला पडते हे ऐकून तिला तिचा भाव काढायचा असावा.

बाबा घाईने उत्तर देत नाहीत. ते विमा कंपनीत नुकसानीचा अंदाज काढतात. कोणाचं दुकान भिजलं, कोणाची गाडी झाडावर चढली, की बाबा जाऊन शांतपणे बघतात आणि काय वाचलं, काय गेलं ते लिहून आणतात. त्यांनी तोंडातला घास डाव्या गालात सावकाश चावून संपवला आणि म्हणाले, “खरेदीच्या किमतीने सांगू, की आजच्या बाजारभावाने?”

“खऱ्या किमतीने.”

“तुझी फाइल अजून चालू आहे. फाइल बंद झाल्याशिवाय आम्ही आकडा सांगत नाही.”

“असले प्रश्न कोण शिकवतं गं तुला?” आई म्हणाली. मग, विषय निघालाच आहे तर, अशा आवाजात तिने बाबांना सांगितलं, “शाळेचा ब्लेझर बदललाय. मरून होता तो आता गडद निळा. पुढच्या वर्षी सगळ्यांना. रंगमंचावर जी मुलं दिसणार त्यांना आत्ताच. म्हणजे हिला लगेच, आणि धाकटी सहावीत गेली की तिला. मी म्हणत होते हिचा जुना धाकटीला होईल.”

“घेऊ की,” बाबा म्हणाले. “ते जरा पुढे ढकलू.”

“ते किती वेळा ढकलणार आहात?”

“ते कुठे पळून जातंय?”

‘ते’ म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, बैठकीतला पंखा असेल. तो बरीच वर्षं पळून न जाता नुसता कुरकुरतोय. खिडकीजवळची जागा मी जिंकली होती आणि त्या आनंदात होते.

पण अंथरुणावर पडल्यावर तो जुना ब्लेझर डोळ्यांपुढून हलेना. सहावीत घेतला तेव्हा आई दुकानदाराला म्हणाली होती, “वाढत्या अंगाचा द्या.” वाढत्या अंगाचा म्हणजे किती, याला काही धरबंध असतो. त्या ब्लेझरचे खांदे माझ्या कोपरांवर यायचे आणि बाह्यांच्या टोकाला हात आहेत की नाहीत हे मला स्वतःलाही चाचपावं लागे. सहावीच्या सामूहिक फोटोत मी नाही, एक ब्लेझर आहे, वर डोकं ठेवलेला. दोन वर्षं मी त्याच्यात राहून वाढले. आणि यंदा, आठवीत, तो मला पहिल्यांदा बसला. आरशात बघितलं तर खांदा खांद्यावर, बाही मनगटावर. ज्या आठवड्यात तो माझा झाला त्याच आठवड्यात शाळेने तो रद्द केला. मरून रंग उदास दिसतो, असं मोठ्या बाईंच्या समितीचं मत पडलं. उदास कोण होतं, रंग की आतलं माणूस, हे समितीने तपासलं नसावं.

तिथेच माझ्या मनात आलं: बदललाय तो फक्त रंग. रंग काय, देता येतो.

कायद्याने चालावं म्हणून मी आधी शाळेच्या कार्यालयात गेले. तिथे एक खिडकी आहे आणि खिडकीत एक काका आहेत. त्या काकांना पूर्ण कोणी पाहिलेलं नाही; खिडकीत मावतील तेवढेच ते सगळ्यांना ठाऊक आहेत.

“काका, जुना ब्लेझर निळा रंगवला तर चालेल?”

काकांनी बराच विचार केला. “रंगवलेला जुना, तो जुना धरायचा का नवा धरायचा, हे मोठ्या बाई ठरवणार.”

“मग त्यांना विचारते.”

“त्यांना भेटायला अर्ज लागतो.”

“देते अर्ज.”

“अर्जावर पालकांची सही. आणि सोबत ब्लेझर दाखवावा लागेल, रंगवलेला.”

“पण चालतो की नाही हे कळल्याशिवाय रंगवू कशी?”

“तेच तर,” काका म्हणाले, आणि माझ्या मागच्या मुलाकडे बघू लागले.

आई-बाबांची सही मागायची तर बेत सांगावा लागणार, आणि मला तर त्यांना चकित करायचं होतं. (ते झाले. त्याबद्दल मी शब्द पाळला.) तेव्हा आधी रंगवायचं आणि मग कायद्याचं बघायचं ठरलं.

आमच्या इमारतीत सल्ला मागावा लागत नाही. मी जिन्यात फक्त रंगाची पुडी हातात धरून उभी होते. वरच्या मजल्यावरच्या काकू उतरता उतरता थांबल्या. “मीठ घाल. मूठभर. आणि पाणी उकळतं हवं, कोमट नाही. कोमट पाण्याने रंग धरत नाही आणि माणूसही सुधारत नाही.” दुसऱ्या वाक्याचा रोख त्यांच्या यजमानांवर असतो, ते ओळखायला आम्ही शिकलोय. तेवढ्यात समोरचे निवृत्त इंजिनिअर काका बाहेर आले. त्यांनी जन्मभर पूल बांधले. त्यांनी माझा ब्लेझर हातावर तोलला, डोळे मिटले आणि पुडीवर लिहिलेलं प्रमाण चुकीचं असल्याचं जाहीर केलं. “सुरक्षेसाठी दुप्पट धरायचं असतं नेहमी. दोन पुड्या आण.”

“मिठाचं काय?” काकू म्हणाल्या.

“मिठाने लोखंड गंजतं.”

“लोखंडाचा ब्लेझर आहे का तिचा?”

दोघांचं भांडण रंगलं आणि शेवटी तह झाला: पाणी काकूंचं, पुड्या काकांच्या, आणि मीठ दोघांनी आपापल्या मनाप्रमाणे, म्हणजे दोनदा. आतल्या बाजूला, शिवणीत, एक बारीक पट्टी होती. तिच्यावर ‘पाण्यात धुऊ नये’ असं छापलेलं होतं. पण आम्ही तो धूत नव्हतो. आम्ही तो रंगवत होतो.

शनिवारी दुपारी आई तिच्या औषधांच्या दुकानात कामावर आणि बाबा कुठलंसं जळलेलं गोदाम बघायला गेले होते. आम्ही गच्चीवर काकूंचं मोठं पातेलं मांडलं. शेपूट खालून उकळतं पाणी आणायला निघाली, तिला काकूंनी अडवलं आणि ते काम इंजिनिअर काकांवर टाकलं. ते प्रत्येक पायरीवर थांबून पाण्याची पातळी बघत होते. ब्लेझर पातेल्यात गेला. सगळे वाकून बघू लागलो. काकू ढवळत होत्या, काका घड्याळ बघत होते, आणि मी मनातल्या मनात रंगमंचावर उभी होते.

मरूनमध्ये निळा घातल्यावर निळा होत नाही. ही गोष्ट शेपटाला ठाऊक होती. तिने ब्लेझर बाहेर निघाल्यावर सांगितली. “जांभळा होतो. आम्ही चित्रकलेच्या तासाला केलाय.”

“मग आधी का नाही सांगितलंस?”

“मला कोणी विचारलंच नाही.”

तो भरताच्या वांग्याचा रंग होता. अस्तर मात्र कुठल्याच बाजूला न जाता तटस्थ राहिलं. काकू म्हणाल्या, वाळल्यावर उघडेल. काका म्हणाले, पिळू नका, ताण येईल. म्हणून तो निथळत तसाच दोरीवर टांगला, आणि दमलेले आम्ही सगळे सरबत प्यायला खाली गेलो. गच्चीच्या टोकाची ती दोरी जिथे आहे, तिच्या थेट खाली तळमजल्याच्या अंगणात आणखी एक दोरी आहे, हे आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नाही. त्या दोरीवर तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचे पांढरे कोट वाळत असतात. त्या दिवशी त्यांच्या शेजारी बाबांचा एक शर्टही होता.

संध्याकाळी ब्लेझर काढला तर वाळला होता आणि उघडला नव्हता. उलट मिटला होता. मी घालून बघितला. एक हात गेला, दुसऱ्याने नकार दिला. दोन वर्षं मी ज्याच्यासाठी वाढले, तो माझ्यासाठी थांबला नाही. शेपटाने गुपचूप तो घेतला, घातला, बटणं लावली. खांदा खांद्यावर, बाही मनगटावर. “मला बसला,” ती म्हणाली, आणि जांभळी होऊन घरभर फिरू लागली.

बाबा आले. मी सगळं सांगून टाकलं. बाबांनी शेपटाला दिव्याखाली उभं केलं, भोवती एक फेरी मारली, कॉलर उलटून पाहिली, आणि कामावरच्या आवाजात म्हणाले, “पूर्ण नुकसान. मात्र आत सापडलेली मुलगी सुखरूप.” मग त्यांनी आपला ठिपक्यांचा शर्ट पाहिला. “हा चालेल. पेन गळलं म्हणून सांगेन.” ते रागावले असते तर बरं झालं असतं. आई आत जाऊन हसून आली. डोळे ओले होते आणि चेहरा गंभीर होता, म्हणून कळलं.

“उद्या संध्याकाळी दुकानात जाऊ,” बाबा म्हणाले. “निळा घेऊन टाकू.”

डॉक्टरीणबाईंकडे मात्र मला एकटीनेच जायचं होतं, असं आईने ठरवलं. एकटी म्हणजे शेपूट धरून. रविवारी सकाळी आम्ही ठिपक्यांचे कोट हातावर घेऊन त्यांच्या दाराशी उभ्या राहिलो. मी पायऱ्या उतरताना माफीचं भाषण तयार केलं होतं, प्रस्तावनेसकट. बाईंनी प्रस्तावनेतच थांबवलं.

“पांढऱ्या कोटाला मुलं घाबरतात,” त्या म्हणाल्या. “ठिपक्यांच्या कोटाला बघू काय करतात. बसा. गाजर खाणार?”

दातांच्या डॉक्टरकडे पाहुण्याला गोड देत नाहीत, गाजर देतात. आम्ही खाऊ लागलो. बाई माझ्याकडे बघत होत्या, मग शेपटाकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

“उजवीकडे दुखतं का तुम्हाला?”

“नाही,” मी म्हटलं.

“दोघींनाही नाही? मग दोघी डावीकडूनच का चावताय?”

“आमच्या घरी डावीकडूनच चावतात,” शेपूट म्हणाली. “बाबांची पद्धत आहे.”

“आणि आई?”

“ती दोन्हीकडून चावते,” मी सांगितलं. “ती दुसऱ्या घरातून आलीये ना. तिला सवय नाही.”

हे बोलताना मला त्यात काही वावगं वाटलं नाही. प्रत्येक घराची काही रीत असते. कोणाकडे जेवताना बोलत नाहीत, आमच्याकडे डावीकडून चावतात. मी तर ते चांगल्या वळणाचं लक्षण समजत होते. चष्मिसला दोन्ही गाल भरून खाताना पाहून मला तिच्या घरच्यांची कीव यायची.

बाई हसल्या नाहीत. “तू सहावीत गेलीस त्या वर्षी बाबा बरीच वर्षं दुखणारी दाढ दाखवायला आले होते,” त्या म्हणाल्या. “उजवीकडची. मी म्हटलं, साफ करून वर टोपी बसवू, वेळ घालवू नका. म्हणाले, पोरीची फी भरून झाली की येतो.” मग त्या थांबल्या. “हे मी बोलायला नको होतं. तुम्ही ऐकलं नाही असं समजा.”

मी ऐकलं नाही असं समजायचा प्रयत्न केला. गाजर तोंडात तसंच राहिलं. मी ते उजवीकडे नेलं आणि चावलं. काहीच झालं नाही. तिकडचे माझे दात धडधाकट होते, नुसते बसून होते. घरचं वळण म्हणून मी जे इतकी वर्षं मिरवत होते ते एका माणसाचं दुखणं होतं, आणि ते इतकं मुकाट होतं की आम्ही दोघी बहिणींनी त्याची नक्कल केली.

फी भरून झाली की. पण फी भरून होत नाही कधी. मग दप्तर येतं, मग बूट, मग सहल, मग रंग बदलतो. ‘ते’ म्हणजे पंखा नव्हता.

“बाई,” मी विचारलं, “त्या टोपीला किती पडतं?”

बाईंनी आढ्याकडे बघितलं. “तुमच्या त्या नव्या ब्लेझरइतकंच साधारण. माझ्याही भाचीला घ्यायचाय, म्हणून ठाऊक.”

संध्याकाळी दुकानात जायची वेळ झाली तेव्हा मी पोट दुखतंय म्हटलं. पोट मला सहसा अशा वेळी साथ देतं. “मग उद्या जाऊ,” बाबा म्हणाले. एक दिवस मिळाला.

सोमवारी मी खिडकीपाशी गेलेच नाही. अर्ज नाही, सही नाही, सरळ मोठ्या बाईंच्या दारावर टकटक केलं. खिडकीतल्या काकांनी मला जाताना पाहिलं आणि अडवायला म्हणून ते बाहेर आले. त्यामुळे ते कमरेखालीही आहेत हे शाळेला प्रथमच कळलं. पण तोवर मी आत होते.

“बाई, नवा ब्लेझर रंगमंचावर जी मुलं दिसणार त्यांनाच आत्ता लागतो ना?”

“हो.”

“मी दिसले नाही तर?”

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. मी सांगितलं, की मी बाजूच्या पडद्यामागे उभी राहीन. माइक तिथेही पोचतो, मी वायर बघून आलेय. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल, फक्त मी दिसणार नाही.

“अगं, मुली पुढे याव्यात म्हणून आम्ही इतकं करतो,” बाई म्हणाल्या. “आणि तू मागे जातेस? ब्लेझरची काही अडचण असेल तर आपल्याकडे निधी आहे. अर्ज—”

“अडचण नाहीये, बाई. बाबा आजच घेणार आहेत. मीच घेणार नाहीये.”

“का?”

ते सांगण्यासारखं नव्हतं. ती दाढ बाबांची होती, माझी नव्हती. “घरचं एक काम आधी आहे,” मी म्हटलं.

मला वाटलं, आता पुन्हा समिती बसणार. पण त्यांनी चष्मा घातला. “पडद्यामागून बोलायचं तर उच्चार जास्त स्पष्ट लागतात. जमेल?”

बाहेर मॉनिटर आणि चष्मिस उभ्या होत्या. मॉनिटर म्हणाली, “वेडी आहेस. सगळं जग समोर असणार आणि तू पडद्याच्या धुळीत.” खोटं कशाला बोलू, ते मलाही लागलं. उजेडाची मला नुकती कुठे सवय लागत होती. त्या आरशातल्या खांद्यावर खांदा आलेल्या मुलीला सगळ्यांनी बघावं असं मला फार वाटत होतं. पण हजेरीत माझा आवाज पोचायचा नाही, तेव्हा मी सगळ्यांना दिसत होतेच की, रोज, पहिल्या बाकावर. दिसून काही उपयोग झाला नव्हता.

“आणि पैजेचं उत्तर काय?” चष्मिसने विचारलं. “कितीला पडतेस तू?”

“फाइल चालू आहे,” मी म्हटलं.

घरी जाताना तळमजल्यावर थांबले. बाई ठिपक्यांचा कोट घालून एका लहान मुलाच्या तोंडात बघत होत्या, आणि तो मुलगा रडायचं सोडून ठिपके मोजत होता.

रात्री जेवायला बसलो. बाबांनी पहिला घास घेतला आणि तो सवयीने डावीकडे वळवला. शेपटानेही वळवला, ती अजून जांभळी होती, ब्लेझर काढायला तयार नव्हती. बाबा म्हणाले, “चला, आटपा लवकर. दुकान बंद व्हायच्या आत निळा—”

“निळा घ्यायचा नाहीये,” मी म्हटलं. माइकवर बोलते त्या आवाजात म्हटलं, कारण साध्या आवाजात ते माझ्या तोंडून निघालं नसतं. “मी ठरवलंय. मी पडद्यामागून बोलणार आहे, मोठ्या बाईंची परवानगी काढली आहे. ब्लेझरचे पैसे तळमजल्यावर द्यायचे. शनिवारी सकाळी तुमची दाढ आहे, बाबा. वेळ घेऊन आलेय.”

आईने हातातला डाव पातेल्यात ठेवला. बाबांचा जबडा थांबला, डावा.

“तुला कोणी सांगितलं?”

“गाजराने.”

“आणि पुढच्या वर्षी? तेव्हा तर सगळ्यांना लागणार ब्लेझर.”

“ब्लेझर कुठे पळून जातोय?” मी म्हटलं.

बाबांनी आईकडे पाहिलं. आई ताटाकडे बघत म्हणाली, “माझ्याकडे नका बघू. मी आधीपासून दोन्ही बाजूंनी जेवते.”

नुकसानीची पाहणी करताना बघतात तसे बाबा माझ्याकडे बघत होते, काय वाचलं आणि काय गेलं ते जोखत. त्यांनी नाही म्हणायच्या आत मी उरलेलं सांगून टाकलं.

“आणि दाढ बरी झाली, की या घरात दोन्हीकडून चावायचं. सगळ्यांनी.”